नाचणीच्या परागकोशात

बेळगोळच्या शिवारातून तुम्ही निघता. कृष्णराजसागर मागे पडतो, वर्षंही मागे पडतात. साठचं दशक, मंड्याचं व्ही. सी. फार्म हे कृषी संशोधन केंद्र. पहाट व्हायची आहे; नाचणी याच वेळी फुलते. इथे नाचणीचे वाण घडवणारे लक्ष्मणय्या देशी नाचणीचा आफ्रिकी नाचणीशी संकर करताहेत. फूल इतकं बारीक की चिमटा धरलेला हात कापतो. त्यात ते बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं.

पण महत्त्वाचं ते फुलण्याआधीच घडून गेलंय. आणखी काही दिवस मागे या. कणीस अजून पोटरीत आहे. कोवळा परागकोश रंगवून काचपट्टीवर दाबा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. ३६ गुणसूत्रं, १८ जोड्या. नाचणीत दोन पूर्वज गवतांचा वारसा एकत्र नांदतो. म्हणून प्रत्येक गुणसूत्राला सख्ख्या जोडीदाराशिवाय चुलत भावंडंही आहेत. तरी ते सख्ख्यालाच गाठतं. जोड्या चुकल्या तर पराग वांझ निघतात, दाणे भरत नाहीत.

ही शिस्त लावतं कोण? याचा धागा गव्हात सापडतो; चला केंब्रिजला, १९५८ साली. राल्फ रायली आणि व्हिक्टर चॅपमन गव्हाचे परागकोश तपासताहेत. गव्हात ४२ गुणसूत्रं, तीन पूर्वजांची. ‘५बी’ हे गुणसूत्र नसलेल्या रोपात तुम्हाला वेगळंच दिसतं: एरवी फटकून राहणारी चुलत गुणसूत्रं जुळू लागली आहेत! म्हणजे जोडी कुणाशी जमावी, हेही वारशातच लिहिलेलं आहे. ‘५बी’वरच्या त्या जागेला पुढे ‘पीएच१’ नाव मिळालं. त्यातल्या ‘झिप४’ जनुकाच्या जादा प्रतीपर्यंत संशोधक या शतकात पोचले.

आता मंड्याला परत या. देशी आणि आफ्रिकी नाचणी एकाच जातीची, त्यामुळे संकरात त्यांची गुणसूत्रं नीट जुळतात, तुकड्यांची देवाणघेवाण करतात. पुढच्या पिढ्यांत दोन्हींचे गुण नव्या मेळात उतरतात आणि लक्ष्मणय्यांना निवडायला वाव मिळतो. त्या निवडीतून ‘इंडाफ’ वाण आले. नावातच इंडिया आणि आफ्रिका आहेत. उलट गव्हात रानटी गवताची रोगप्रतिकारशक्ती आणायची, तर अनेकदा हीच शिस्त काही काळ सैल करून पुन्हा आवळावी लागते. वाण घडवणाऱ्याचं कसब निवडीत दिसतं, पण निवडायला काय मिळणार हे पोटरीतल्या कणसातच ठरतं.