शिशाची गोळी आणि हरणामागची घरे

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लांब नळीची रायफल येते. सिनेमांनी तशी सवय लावली आहे. पण इलिनॉय, आयोवा या शेतीप्रधान राज्यांत कित्येक दशके हरणासाठी रायफल चालत नसे. शिकाऱ्याच्या खांद्यावर असे ती शॉटगन, म्हणजे आपल्याकडची बारा बोअरची बंदूक. तिच्या काडतुसात छर्रे नसत, शिशाची एकच जाड गोळी असे. तिला ‘स्लग’ म्हणतात. हे असे का, ते आज सांगतो.

आधी ‘बारा बोअर’चा अर्थ पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढा नळीचा व्यास. तो सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. ही नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांबवर सरळ जाते. शॉटगन मुळात पाखरांसाठी, सशांसाठी. छर्रे पसरतात, म्हणून उडता पक्षी टिपता येतो. पण हरणाला तेच छर्रे लागले, तर ते बहुधा जागीच पडत नाही. जखमी होऊन झाडीत शिरते आणि तडफडून मरते.

गुळगुळीत नळीतून एकच गोळी सरळ कशी न्यायची, हा प्रश्न जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये सोडवला. भरीव शिशाच्या मागे त्यांनी नमद्याची चकती घट्ट बसवली. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये वेगळी युक्ती केली. त्यांची गोळी पुढून जड आणि मागून पोकळ. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बूच पुढे ठेवूनच येते, तसाच हा प्रकार. तिच्या अंगावरचे तिरके चरे पाहून ती फिरत जात असावी असे वाटते, पण ते फिरणे नाममात्र. नळीच्या आवळत्या तोंडातून गोळी सुखरूप बाहेर पडावी, हे त्या चऱ्यांचे खरे काम. वजन साधारण अठ्ठावीस ग्रॅम, भरवशाचा नेम पाऊणशे ते शंभर यार्डांपर्यंत. ते मंदीचे दिवस होते. ज्या शेतकऱ्याच्या घरी एकच बंदूक, त्याला नवी रायफल न घेता हरीण मारता येऊ लागले.

पण मारायला हरणे होती कुठे? बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या अमेरिकेत जेमतेम तीन ते पाच लाख उरली, असा अंदाज आहे. इंडियाना, ओहायोतून तर ती जवळजवळ नाहीशीच झाली. मग बंदी आली, बाहेरून हरणे आणून सोडली गेली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. हरणे वाढली. ओहायोने १९४३ मध्ये, इंडियानाने १९५१ मध्ये, आयोवाने १९५३ मध्ये आणि इलिनॉयने १९५७ मध्ये शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला.

मधल्या काळात मुलूख बदलला होता. सपाट मक्याची शेते, त्यांत विखुरलेली घरे, मधून रस्ते. रायफलीची गोळी उंच गेली तर चार-चार किलोमीटर जाते. स्लगचा वेग लवकर सरतो. म्हणून कायदा म्हणाला, हरणे मारा, पण स्लगने.

आता आपल्याकडे या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ तरतूद नेमकी उलट्या बाजूची होती. मोठ्या शिकारीसाठी रायफलच हवी. शॉटगन वापरायची तर परवान्यात खास मुभा हवी, आणि तीही एकाच अखंड गोळीपुरती. चितळ, सांबर या यादीत होते. परवान्यांचा हा सारा भाग १९९१ च्या दुरुस्तीने गेला आणि हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले. पण दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचताना मला नवल वाटते. तिकडे स्लगची सक्ती, इकडे स्लग ही सवलत. माझ्या मते, आपला कायदा समोरच्या जनावराच्या तडफडीचा विचार करत होता, तर अमेरिकी कायदा जनावराच्या मागे राहणाऱ्या माणसांचा.

त्या दुसऱ्या विचारालाही पुढे धक्का बसला. पेनसिल्व्हेनिया राज्याने करून घेतलेला एक अभ्यास २००७ मध्ये आला. त्यात दिसले की जमिनीला समांतर झाडलेला स्लग आपटून उसळला, तर एकूण अंतर रायफलीच्या गोळीहून थोडे जास्तच कापू शकतो. जाड, संथ गोळी फुटत नाही, उसळते. इंडियानाने २००७ मध्ये, ओहायोने २०१४ मध्ये आणि इलिनॉयने २०२३ मध्ये ठरावीक काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली.

शिशाची गोळी जड असो वा हलकी, तिला हरीण आणि घर यांतला फरक कळत नाही. नियम शस्त्र ठरवून देतो. हरणाच्या मागे काय आहे, हे मात्र चाप ओढणाऱ्यालाच पाहावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)