कन्सोल-निविष्टीचे बफरदोष, आभासी यंत्रांतील

आभासी यंत्राच्या कन्सोलवर टंकलेली अक्षरे गळणे, अडकून राहणे किंवा दोनदा उमटणे, हे या दोषांचे तीन प्रकार. कळ दाबल्यापासून अक्षर आतल्या प्रोग्रॅमच्या हाती पडेपर्यंत त्याला चार मुक्काम घडतात : यजमान संगणकाचे टर्मिनल, आभासीकरणाचे सॉफ्टवेअर, त्याने उभे केलेले नकली सीरियल पोर्ट आणि यंत्रात चालणाऱ्या पाहुण्या प्रणालीचा टीटीवाय (टर्मिनल हाताळणारा) स्तर. अक्षर कोणत्या मुक्कामी राहिले, एवढेच शोधायचे असते. ते न पाहता पोर्टचा वेग कमीजास्त करत बसणे व्यर्थ आहे.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेले क्यूएमू हे सॉफ्टवेअर पीसीसाठी १६५५०ए या सीरियल चिपची नक्कल करते. तिच्या रांगेत १६ अक्षरे मावतात. १, ४, ८ किंवा १४ अक्षरे जमली की इंटरप्ट द्यायचा, असे चालकप्रणाली ठरवते. ठरलेली संख्या भरली नाही, तरी चार अक्षरांइतका वेळ शांततेत गेला की खरी चिप इंटरप्ट देतेच. नकलेत ही मुदत राहून गेली, तर शेवटची दोन-तीन अक्षरे पुढची कळ दाबेपर्यंत दिसत नाहीत. अडकण्याचे दुसरे कारण याहून फसवे. रांग भरल्यावर सॉफ्टवेअर यजमानाकडून वाचणे थांबवते. पाहुण्याने रांग उपसल्यावर ‘आता जागा आहे’ हा निरोप उलट गेला नाही, तर निविष्टी गोठते. दोष रांगेचा वाटतो, पण चुकलेला असतो निरोप.

गळतीचा तपास हाताने टंकून करू नये. क्रमांक घातलेल्या ओळी पाठवाव्यात, म्हणजे नेमके काय गेले ते कळते. लिनक्स पाहुण्यात सीरियल चालकाच्या प्रॉक-नोंदीतील ‘ओई’ (ओव्हररन-दोष) हा आकडा वाढत असेल, तर अक्षरे पोर्टातच सांडली. तो वाढत नसून एकच लांब ओळ ४,०९५ अक्षरांनंतर तुटत असेल, तर आभासी यंत्राला दोष देऊ नये. ओळवार वाचनाची ती लिनक्सचीच मर्यादा आहे.

अक्षरे दुहेरी उमटत असतील, तर यजमान टर्मिनल रॉ (अक्षरे जशीच्या तशी पुढे देणाऱ्या) अवस्थेत गेलेले नसते व दोन्हीकडून प्रतिध्वनी येतो. उलट, क्यूएमू अचानक कोसळल्यास टर्मिनल रॉ अवस्थेतच अडकते. ‘एसटीटीवाय सेन’ या आज्ञेने ते पूर्ववत होते.