घाटातल्या वळणावर गाडी का घसरते? ब्रेक वळणाच्या आधी का मारायचा?

वळणावर मोटारसायकल घसरली की दोष खडीला नाहीतर टायरला दिला जातो. खडी असतेच, पण बऱ्याचदा चूक त्याआधी, वळणाच्या अलीकडेच झालेली असते. स्पीड कमी केलेला नसतो.

चालती गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवते ती टायरची रस्त्यावरची पकड. स्पीड दुप्पट झाला की त्याच वळणाला पकड चौपट लागते. समजा वळणाची त्रिज्या 20 मीटर आहे, म्हणजे घाटातलं बऱ्यापैकी आवळ वळण. ताशी 20 किलोमीटरने गेलं तर गाडी साधारण 9 अंश झुकते, 40 ने गेलं तर 32 अंश. कोरड्या, चांगल्या डांबरावर हे निभावतं. पावसात किंवा बारीक खडीवर त्याची खात्री नाही.

ब्रेकलाही हीच पकड लागते. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक जोरात दाबला की वळायला पकड उरत नाही, चाक सटकतं. नव्या 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस असतं. ते दोन्ही ब्रेक एकत्र लावतं, पण चाक जाम होणं थांबवत नाही. ते काम एबीएसचं. म्हणून स्पीड आणि गिअर वळणाआधीच कमी करायचा आणि वळणात हलका, एकसारखा रेस ठेवायचा.

बसण्याचंही तसंच. अंग थोडं वळणाच्या आतल्या बाजूला घेतलं तर गाडीला कमी झुकावं लागतं. मागे बसलेला माणूस घाबरून उलट बाजूला कलला की गाडी जास्त झुकवावी लागते. डबलसीट निघताना मागच्याला आधीच सांगावं: चालवणाऱ्याबरोबर कल, नाहीतर निदान गप्प बस. नजर खड्ड्यावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी.

उजव्या वळणाला आणखी एक धोका. चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकल्यावर डोकं आणि खांदा मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात, आणि समोरून एसटी येत असते. तिथे गाडी डावीकडेच ठेवायची.

दुधाच्या किटल्या लावलेल्यांनी तर आणखी हळू जावं. अर्धी भरलेली किटली वळणावर हिंदकळते आणि रुंद अडकवलेली असली तर झुकल्यावर रस्त्याला टेकून मागचं चाक उचलू शकते.