लिंबाचं झाड पिवळं का पडतं? सायला किडा, ग्रीनिंग रोग आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन

कोल्हापूर जिल्ह्यात शिवार म्हटलं की आधी ऊस डोळ्यांसमोर येतो. लिंबू-संत्र्याच्या मोठ्या बागांचा हा पट्टा नाही. पण विहिरीजवळ किंवा बांधावर कागदी लिंबाचं एखादं झाड आणि परसात कढीपत्ता, हे चित्र इथेही नेहमीचं आहे. या दोन्ही झाडांवर वाढणारा एक बारीक किडा आहे. त्याने पसरवलेल्या रोगामुळे जगातले अनेक संत्रा उत्पादक अडचणीत आले आहेत. रोगाचं नाव सिट्रस ग्रीनिंग आणि किड्याचं नाव सिट्रस सायला.

सायला कसा ओळखायचा?

प्रौढ सायला जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब आणि करड्या-तपकिरी रंगाचा असतो. त्याची बसण्याची पद्धत हीच त्याची सोपी ओळख आहे. डोकं पानाला टेकलेलं आणि मागचा भाग तिरका वर उचललेला, असा तो बसतो. मादी कोवळ्या, न उलगडलेल्या पानांच्या घडीत पिवळसर अंडी घालते. त्यातून निघणारी चपटी पिल्लं कोवळ्या फुटीचा रस शोषतात आणि पांढरे मेणचट धागे सोडतात. त्यामुळे शेंडे वाकडे होतात, पानं आकसतात.

जुन्या, कडक पानांवर सायलाची पिल्लं वाढत नाहीत. त्याला नवती, म्हणजे नवीन पालवीच लागते. सगळं व्यवस्थापन याच गोष्टीभोवती फिरतं.

रोग कसा पसरतो?

सायलाने रस शोषल्यामुळे होणारं नुकसान एक वेळ भरून निघतं. खरा धोका त्याच्या शरीरातून येणाऱ्या जिवाणूचा असतो. रोगट झाडावर वाढलेल्या पिल्लांच्या शरीरात हा जिवाणू जातो आणि पिल्लं मोठी होऊन उडू लागली की निरोगी झाडांपर्यंत पोहोचतो. झाडात तो अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत राहतो. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत नीट जात नाही आणि मुळं उपाशी राहतात.

चीनमध्ये या रोगाला ‘हुआंगलाँगबिंग’, म्हणजे पिवळ्या फुटीचा रोग म्हणतात, कारण सुरुवातीला हिरव्या झाडात एखादीच फांदी पिवळी दिसते. फळं पिकतानाही खालच्या बाजूला हिरवी राहतात, म्हणून ‘ग्रीनिंग’. ती लहान आणि वेडीवाकडी होतात, रस कडवट लागतो, बिया पोचट निघतात. असं फळ खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही, पण बाजारात त्याला भाव मिळत नाही.

भारतात सायला हाच या रोगाचा वाहक असल्याचं पुण्यात काम करणाऱ्या एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा रोगाचं कारण विषाणू असावं असा समज होता. पुढे १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट झाडाच्या नलिकांत जिवाणूसारखे सूक्ष्मजीव दिसले आणि शोधाची दिशा बदलली.

ग्रीनिंग की जस्ताची कमतरता?

पान पिवळं पडलं की ग्रीनिंगच झाला, असं नाही. जस्ताच्या कमतरतेनेही पानं पिवळी पडतात. फरक पाहण्यासाठी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंची तुलना करतात. कमतरता असेल तर पिवळेपणा दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये चट्टे वेडेवाकडे असतात आणि एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. हा प्राथमिक अंदाज झाला. खात्री प्रयोगशाळेतल्या पीसीआर तपासणीनेच होते.

लिंबावरचा खैऱ्या रोगही वेगळा. त्यात पानं, फांद्या आणि फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके येतात. तो मुख्यतः पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी पसरतो, सायलामुळे नाही.

उसावरच्या लोकरी माव्यापेक्षा हे वेगळं कसं?

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांना एका किडीचा मोठा अनुभव आहे. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता शेजारच्या जिल्ह्यांत पसरला. उंच, दाट उसात फवारणी करणं अवघड होतं. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांनी मोठी कामगिरी केली. मित्रकीटक असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडण्यात आली.

तोच धडा लिंबाच्या बागेत अर्धाच लागू पडतो. लोकरी मावा रस शोषून उसाचं नुकसान करतो, त्यामुळे त्याची संख्या घटली की नुकसानही घटतं. सायला मात्र रोगाचा वाहक आहे. शंभरातले नव्वद मेले तरी उरलेल्या दहांतला एखादा रोग पोहोचवू शकतो. एकदा जिवाणू झाडात शिरला की झाड पूर्ण बरं करणारा उपाय आज उपलब्ध नाही. त्यामुळे केवळ मित्रकीटक किंवा केवळ फवारणी पुरत नाही.

एकात्मिक व्यवस्थापनात काय काय येतं?

निरोगी रोप: रोग कलमाच्या काडीतूनही येतो. रोगट झाडाची डोळकाडी वापरली, तर सायला नसतानाही रोग नव्या बागेत पोहोचतो. म्हणून कलमं कीटकरोधक जाळीखाली वाढवलेली आणि तपासलेल्या मातृवृक्षापासून केलेली असावीत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं रोगमुक्त कलमांचं काम यासाठीच महत्त्वाचं आहे.

नवतीवर नजर: संत्रा-मोसंबीच्या बागेत पाण्याचा ताण देऊन बहार धरतात. ताण तोडल्यावर नवती एकदम फुटते, तेव्हाच सायलाही वाढतो. आंबिया बहारात जानेवारी-फेब्रुवारी आणि मृग बहारात जून-जुलै हा काळ लक्ष ठेवण्याचा. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीनदा टकटक केली की प्रौढ सायला कागदावर पडतात आणि मोजता येतात. पिवळे चिकट सापळेही उपयोगी पडतात. जोरदार पाऊस अंडी आणि पिल्लं धुऊन नेतो, पण उघडीप मिळून नवती फुटली की धोका परततो.

मित्रकीटक: टॅमरिक्सिया ही अगदी बारीक गांधीलमाशी सायलाच्या पिल्लाखाली अंडं घालते आणि तिची अळी त्या पिल्लावर जगते. ही माशी आपल्याच भागातली. तिचं शास्त्रीय वर्णन १९२२ मध्ये अखंड पंजाबातल्या नमुन्यांवरून झालं. पुढे १९७८ मध्ये ती भारतातून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेण्यात आली आणि तिथे सायला आटोक्यात आणायला तिचा मोठा उपयोग झाला. ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्याही सायला खातात. मुंग्या मात्र सायलाच्या गोड चिकट स्रावासाठी त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. म्हणून खोडावरची मुंग्यांची रांग दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

मोजकी फवारणी: नवतीच्या सुरुवातीला, कीड दिसल्यावरच फवारणी केली जाते. सुरुवात निंबोळी अर्क किंवा नीम तेलाने करता येते. रासायनिक औषध लागलंच तर त्या पिकासाठी शिफारस असलेलं, लेबलवरच्या मात्रेत आणि गट बदलून वापरावं लागतं. एकच औषध सतत वापरल्यास किडा त्याला दाद देईनासा होतो आणि मित्रकीटक मात्र आधी मरतात. फुलोऱ्यात मधमाश्या बागेत असतात, त्या काळात कीटकनाशक टाळायचं असतं.

रोगट झाड काढणं: हा सगळ्यात जड निर्णय. संत्र्याचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. दोन-तीन एकरांच्या घरच्या बागेत फळ देणारं झाड तोडणं म्हणजे पुढच्या अनेक वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडणं. पण तपासणीत रोग पक्का झालेलं झाड उभं ठेवलं, तर पुढच्या प्रत्येक नवतीत तिथूनच रोग घेतलेले सायला उडतात. झाड काढण्याआधी त्यावरचे सायला मारणं गरजेचं असतं, नाहीतर ते शेजारच्या झाडावर जातात.

एकट्याने का भागत नाही?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये आढळला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या जेमतेम १.६ कोटींवर आल्या. त्यात चक्रीवादळांचाही वाटा होता, पण बागा खिळखिळ्या केल्या त्या ग्रीनिंगने. फवारणीसाठी पैसा आणि यंत्रं असूनही तिथे रोग थांबला नाही. शेजारी टाकून दिलेल्या बागांतून सायला पुन्हा येत राहिले.

महाराष्ट्रात जमिनी लहान आणि बांधाला बांध लागून आहेत. एका भावाने फवारलं आणि दुसऱ्याने नाही, तर सायला आठवड्याभरात बांध ओलांडतो. म्हणून एका शिवारातल्या बागायतदारांनी एकाच वेळी पाहणी करणं, नवतीच्या काळात एकाच आठवड्यात उपाय करणं आणि रोगट झाडाची माहिती एकमेकांपासून न लपवणं, यावरच बाकीच्या उपायांचं यश ठरतं.

घरच्या लिंबाचं आणि कढीपत्त्याचं काय?

घाबरून झाडं तोडण्याची गरज नाही. कढीपत्त्यावर सायला सहज वाढतो, मात्र कढीपत्ता या जिवाणूचा मोठा साठा होतो असं आढळलेलं नाही. बागेला लागून कढीपत्ता असेल, तर त्याचे कोवळे शेंडे वेळोवेळी स्वयंपाकासाठी खुडले, की सायलाला अंडी घालायला जागा कमी उरते. कुंती, म्हणजे कामिनीच्या शोभेच्या कुंपणावरही लक्ष हवं, कारण तेही सायलाचं आवडतं झाड आहे. आणि ओळखीच्या बागेतून लिंबू-संत्र्याचं कलम किंवा काडी घरी आणण्याआधी ते झाड निरोगी आहे ना, एवढं पाहिलं तरी रोगाची एक मोठी वाट बंद होते.