थर्माकोलचे दोन थर

उधना भागातल्या एका मराठी कुटुंबातील लग्नासाठी आम्ही मंडळीतल्या काहीजणांनी तीन थरांचा केक ठरवला. बेकरीवाला म्हणाला, "वरचा थर खरा, खालचे दोन थर्माकोलचे करा." वधूची आई ओशाळली. पाहुण्यांना फसवायचे?

आम्ही तिला १८५८ सालची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नातल्या उंच केकचा फक्त तळ खरा होता. वर नुसते साखरकाम. सगळे थर केकचेच झाले ते १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात. मऊ केकवर दुसरा केक ठेवला की खालचा दबतो, ही खरी अडचण. म्हणून आज वरच्या थराखाली पुठ्ठ्याची चकती आणि खालच्या थरात त्याच्याच उंचीच्या काड्या घालतात. वजन काड्या पेलतात.

सुरतेत भट्ट्या आल्या डच वखारीमुळे. डच गेले तेव्हा त्यांची भट्टी फरामजी दोटीवाला या पारशी कामगाराकडे आली, असे सांगतात. नानखटाईही तिथलीच म्हणतात. (तिला काड्या लागत नाहीत!) फॉन्डंटचे मात्र इथे हाल. साखर दमट हवेतले पाणी ओढते. फ्रीजमधून काढताच केकला घाम फुटतो, रंग ओघळतात. म्हणून फुले आधी वाळवायची आणि थर हॉलमध्येच रचायचे.

शेवटी थर्माकोलच ठरले. आत स्वयंपाकघरात दोन साधे चौकोनी केक कापून ठेवले होते. वधूच्या आईने स्वतः ताटे फिरवली, आणि विचारणाऱ्याला थर्माकोलचेही सांगितले.