शब्दावर सोडलेला माणूस

वर्तमानपत्रात 'पॅरोल' हा शब्द बहुधा 'फरार' या शब्दाचं बोट धरून येतो. पॅरोलवर आलेला अमुक फरार, पॅरोलवरच्या तमुकाला पुन्हा अटक. जे ठरल्या दिवशी मुकाट तुरुंगाच्या दारात हजर झाले त्यांची बातमी होत नाही. त्यामुळे या शब्दाला वशिल्याचा आणि पळवाटेचा वास येऊ लागला आहे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कागदांवर मात्र त्याचं मराठी नाव वेगळंच आहे : अभिवचन रजा. हा प्रतिशब्द ज्याने कुणी बसवला, त्याला मूळ शब्दाचं कूळ नेमकं ठाऊक असणार.

ते कूळ थेट ग्रीकांपर्यंत जातं. 'पाराबोले' म्हणजे एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवून पाहणं, तुलना. त्यावरून दृष्टांत, बोधकथा. लॅटिन बोलींत तो शब्द झिजून 'पाराउला', 'पारोला' झाला आणि त्याचा अर्थ उरला नुसता 'शब्द'. फ्रेंचांनी त्याचं 'पारोल' केलं. पोर्तुगीजांनी र आणि ल यांची अदलाबदल करून 'पालाव्रा' केलं. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढीच्या कानावरचा तो आहे. पार्लमेंटही याच घरचं, म्हणजे बोलायची जागा. फ्रेंचमध्ये पुढे तेच झालं जे मराठीतही झालं आहे. आपण 'शब्द दिला', 'शब्दाला जागला' म्हणतो तेव्हा तो व्याकरणातला शब्द नसतो, ते वचन असतं. फ्रेंचांचं 'पारोल दोनर' तसंच : इभ्रतीवर दिलेलं वचन.

हे वचन जन्मलं रणांगणावर. पकडलेल्या अधिकाऱ्याने पुन्हा शस्त्र धरणार नाही, किंवा पळून जाणार नाही, असा शब्द द्यायचा आणि शत्रूने त्याला मोकळं फिरू द्यायचं. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमध्ये अशा फ्रेंच कैद्यांची खास गावं होती. तिथे ते भाड्याच्या खोलीत राहत, हमरस्त्याने गावापासून एक मैल चालून येत आणि संध्याकाळची घंटा होण्याआधी घरी परतत. ही सवलत अधिकाऱ्यांना होती. साधा शिपाई आणि खलाशी त्याच काळात जुन्या, शिडं उतरवलेल्या जहाजांच्या पोटात कुजत होते. शब्द त्यांच्याकडेही होताच, पण तो कुणी मागितला नाही. पॅरोलच्या साऱ्या पुढच्या इतिहासात मला हाच प्रश्न सतत दिसतो : कोणाचा शब्द धरायचा?

(युद्धातला हा जुना अर्थ महाराष्ट्रानेही पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे अडकलेल्या जर्मन नागरिकांना बायकामुलांसह ठेवलं, ते पुरंदर किल्ल्यावरच्या आणि साताऱ्याच्या छावण्यांत. त्यांना 'पॅरोल कॅम्प' असंच म्हणत.)

अधिकाऱ्यांचा हा मान चोर-दरोडेखोरांपर्यंत नेण्याचं काम ज्याने सुरू केलं, तो स्वतः कैद भोगलेला होता. अलेक्झांडर मॅकोनोकी, एडिंबरोचा, ब्रिटिश आरमारातला. १८११च्या नाताळात त्याचं जहाज डच किनाऱ्याजवळ फ्रेंचांच्या हाती पडलं. ऐन थंडीत पायी चालवत कैद्यांना फ्रान्समधल्या वर्दूनला नेलं. १८१४मध्ये नेपोलियन पडला तेव्हा तो सुटला. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापक झाला, आणि मार्च १८४०मध्ये नॉरफोक बेटावरच्या कैद्यांचा प्रमुख.

ऑस्ट्रेलियापासून हजारभर मैलांवरचं हे बेट ब्रिटिश साम्राज्यात नरक म्हणूनच ओळखलं जाई. हद्दपारीत येऊन पुन्हा गुन्हा केलेल्यांना तिथे पाठवत. चाबकाचे फटके ही रोजची गोष्ट होती. मॅकोनोकीने येताच शिक्षेचं मापच बदलायला घेतलं. वर्षांऐवजी गुण. काम केलं, नीट वागलं की गुण जमा. आगळीक केली की वजा. ठरलेले गुण भरले की सुटका. शिक्षेची लांबी कैद्याच्या हातात देणारी ही कल्पना तेव्हा कुणाच्या पचनी पडणारी नव्हती.

त्यातला एक दिवस जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मे १८४०, राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस. मॅकोनोकीने सकाळी फाटकं उघडायला लावली. हजाराहून जास्त कैदी, कित्येक जन्मठेपेचे, बेटभर मोकळे. तोफांची सलामी झाली. जेवायला ताजं मांस होतं. राणीच्या नावाने पेला उचलायला लिंबाच्या पाण्यात थोडी रम घातली होती, आणि ते पेय त्याने कैद्यांमध्ये मिसळून वाटलं. दुपारी कैद्यांनीच नाटक केलं, अंधार पडल्यावर आतषबाजी झाली. मग बिगुल वाजला आणि सगळे आपापल्या बराकीत परत गेले. एकही गैरप्रकार नाही.

सिडनीला बातमी पोचली आणि गहजब झाला. गव्हर्नर गिप्स १८४३मध्ये स्वतः बेटावर आला, सहा दिवस राहिला आणि पाहिलं त्याने प्रभावित झाला. पण तोवर लंडनहून मॅकोनोकीला परत बोलावण्याचा हुकूम निघालेला होता. १८४४मध्ये तो गेला आणि बेटावर पुन्हा चाबूक आला.

त्याची कल्पना आयर्लंडमध्ये रुजली. १८५४पासून वॉल्टर क्रॉफ्टनने शिक्षेच्या पायऱ्या पाडल्या : आधी एकांतवास, मग मजुरी, मग लस्क या गावी पत्र्याच्या झोपड्यांत जवळजवळ पहाऱ्याविना राहणं, आणि शेवटी सशर्त सुटका. सुटलेल्यांना काम मिळवून द्यायला आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमलेला होता. अमेरिकेत १८७६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या सुधारगृहात झेबुलन ब्रॉकवेने हीच रीत धरली. या सशर्त सुटकेला युद्धातला 'पॅरोल' हा शब्द लावून पाहणारा माणूस मात्र त्याच्याही आधीचा : बोस्टनचा डॉक्टर सॅम्युएल ग्रिडली हाव. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात जखमींवर उपचार केलेला, पुढे अंधशाळा चालवलेला हा माणूस. शिक्षेच्या अखेरच्या काळात पुष्कळ कैद्यांना त्यांच्या शब्दावर सोडता येईल, असं त्याने १८४६मधल्या एका पत्रात सुचवलं. सेनाधिकाऱ्याची इभ्रत पहिल्यांदाच दंडाबेडीतल्या माणसाला देऊ केली गेली, ती या पत्रात.

त्याच बोस्टनमध्ये, त्याच दशकात, पॅरोलचं धाकटं भावंडही जन्मलं. दोघांत गल्लत होते म्हणून सांगतो : पॅरोल शिक्षा चालू असताना मिळतो, तर प्रोबेशनमध्ये गुन्हा शाबीत होऊनही माणूस तुरुंगात जातच नाही. जॉन ऑगस्टस हा बूट शिवणारा कारागीर. दारूबंदीच्या संघटनेतला. १८४१च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस कोर्टात बसला होता. फाटक्या कपड्यांतल्या एका दारुड्याला उभं केलं होतं. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि त्याचा जामीन राहिला. तीन आठवड्यांनी त्याला परत आणलं तेव्हा कोर्टातल्यांना तो ओळखू येईना. न्यायाधीशांनी दंड केला एक सेंट. खर्चासकट ३ डॉलर ७६ सेंट, आणि ते तिथल्या तिथे भरले गेले.

पुढची सतरा-अठरा वर्षं ऑगस्टस हेच करत राहिला. एकूण १,९४६ माणसांसाठी तो उभा राहिला. कैदी तुरुंगात पोचवण्याबद्दल ज्यांना पैसे मिळत त्यांची कमाई बुडाली आणि ते त्याच्यावर उखडले. त्याचा धंदा बसला. १८५९मध्ये तो वारला, आणि १८७८मध्ये मॅसॅच्युसेट्सने बोस्टनमध्ये पगारी प्रोबेशन अधिकारी नेमायचा कायदा केला.

'प्रोबेशन'चा मूळ अर्थ पारख, कसोटी. मराठीत त्याला 'परिवीक्षा' म्हणतात. आपल्याकडे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२व्या कलमातून तो आला. १९३८ साली मुंबई प्रांताने स्वतःचा कायदा केला आणि १९५८ साली देशाचा झाला. या कायद्याने कोर्ट किरकोळ गुन्ह्यात नुसती समज देऊन सोडू शकतं, किंवा तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवायचं तर कारण लिहावं लागतं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे दार बंद आहे. कायदा इतका चांगला असून वापरला फार कमी जातो, याचं मला वाईट वाटतं. अनेक वकिलांना तो युक्तिवादाच्या अगदी शेवटी आठवतो.

पॅरोल आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला. १८९४च्या तुरुंग कायद्याखाली राज्यांनी आपापले नियम केले. महाराष्ट्रात १९५९चे मुंबईचे नियम पाया ठरले. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर काढणं. इथे ती नुसती रजा आहे, आणि तीही दोन जातींची. फर्लो म्हणजे संचित रजा. कैद्याने चांगल्या वर्तणुकीने साठवलेली, म्हणून संचित; ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा : आई अत्यवस्थ आहे, मुलीचं लग्न आहे, पुरात घर पडलं आहे, अशा कारणासाठी. हे दिवस शिक्षेत धरत नाहीत, पुढे भरून द्यावे लागतात.

अर्ज तुरुंगातून निघतो आणि गावच्या पोलीस ठाण्यात चौकशीला जातो. 'गावात आल्यास शांततेस बाधा येईल' असा एक शेरा पडला की आईचं दर्शन राहतं. नाही पडला तर जामीनदार लागतो. आणि इथेच जुनी जहाजं आठवतात. पंधरा वर्षं आत काढलेल्या भूमिहीन माणसाचा जामीनदार कोण होणार? भाऊबंद तुटलेले, बायको दुसऱ्या गावी मोलमजुरीला. त्याचं वागणं तुरुंगाच्या नोंदीत स्वच्छ असतं, पण रजा अडते ती दुसऱ्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर. नाव अभिवचन रजेचं आणि विचारलं जातं सगळं, वचन सोडून.

वचनच खरं धरण्याचा एक प्रयोग मात्र आपल्याच मातीत झाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर. हे तेच फ्रिडमन, ज्यांनी पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेले. १९३९ साली यांनी आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत उभी केली आणि तिला नाव दिलं स्वतंत्रपूर. खुनाच्या शिक्षेतली माणसं तिथे उघड्यावर राहून शेती करू लागली. त्याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी यावरून कथा लिहिली, आणि शांतारामबापूंनी १९५७ साली तिचा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट केला.

चित्रपट पाहिलेल्यांपैकी पुष्कळांना ते गाव खरं आहे हे ठाऊक नसतं. स्वतंत्रपूर आजही सांगली जिल्ह्यात आहे, तुरुंग खात्याच्याच ताब्यात. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि सकाळी उठून शेतावर जातात.