दसऱ्याची सभा आणि राजाची तिजोरी

म्हैसूरच्या प्रतिनिधी सभेची तुलना इंग्लंडच्या पार्लमेंटशी करण्याचा मोह येथील अभिमानी मंडळींना नेहमीच होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र यात एक महत्त्वाचा दुवा गळलेला दिसतो, आणि तो दुवा पैशाचा आहे.

इंग्लंडच्या राजाला पार्लमेंट हवे होते ते करांसाठी. पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे ते बोलावलेच नाही व जहाजपट्टीसारखे कर संमतीवाचून वसूल केले. पण स्कॉटलंडशी युद्ध उद्भवताच तिजोरी अपुरी पडली आणि त्याला सभासदांपुढे हात पसरावा लागला. आधी गाऱ्हाणी ऐका, मग पैसा मागा, ही त्या सभासदांची जुनी रीत. पुढचे १६४२ चे यादवी युद्ध, १६४९ मधील राजाचा शिरच्छेद आणि १६८९ चा हक्कनामा सर्वांना ठाऊक आहे.

म्हैसुरात नेमके उलटे घडले. सुमारे ५० वर्षांच्या ब्रिटिश कारभारानंतर २५ मार्च १८८१ रोजी राज्य चामराजेंद्र वडियारांकडे परत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, दसऱ्याच्या निमित्ताने, दिवाण रंगाचार्लू यांनी ही सभा भरविली. सभासद १४४; बहुतेक जमीनदार व व्यापारी. प्रजेने ती झगडून मिळविलेली नव्हती. दिवाणांनी वर्षाचा अहवाल वाचावा, सभासदांनी तळी, रस्ते, सारा यांबाबत गाऱ्हाणी मांडावी आणि दसरा पाहून गावी परतावे, असा प्रघात पडला. कारण उघड आहे: जमीनमहसूल परंपरेने येतच होता, पुढे कोलारच्या सोन्याचे स्वामित्वशुल्कही मिळू लागले. संमती मागण्याची गरजच नव्हती! शिवाय राजाच्या डोक्यावर रेसिडेंट होता व इंग्रज सरकारला द्यावयाची ३५ लाखांची वार्षिक खंडणी ठरलेली होती. ती मोजायची की नाही, हा प्रश्न सभेपुढे येणेच शक्य नव्हते.

१९०७ साली कायदे कौन्सिल स्थापन झाले, तेव्हा दिवाण होते विश्वनाथ पाटणकर माधवराव. तंजावरकडील आपल्याच मराठी परंपरेतले. याच माधवरावांच्या कारकिर्दीत, १९०८ मध्ये, वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. एका हाताने सभागृह देणे आणि दुसऱ्या हाताने लेखणी आवरणे, यात त्यांना विसंगती वाटली नसावी. प्रशासकाला ती सहसा वाटत नाही.

१९२३ च्या सुधारणांनी कौन्सिलला अनुदानाच्या मागण्यांवर मतदानाचा हक्क दिला, परंतु दिवाण सभागृहाला जबाबदार झाला नाही. खरा संघर्ष मग सभागृहाबाहेर झाला. एप्रिल १९३८ मध्ये शिवपुरा येथे ध्वज सत्याग्रह झाला. त्याच महिन्यात विदुराश्वत्थ येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. याउलट सातारा भागातील चिमुकल्या औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपणहून राज्यघटना देऊन ग्रामपंचायतींकडे कारभार सोपविला. म्हैसूर औंधाहून कितीतरी श्रीमंत. तिजोरी भरलेली असली की सत्ता सोडणे जड जाते, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

स्वातंत्र्यानंतरही जबाबदार राज्यपद्धती मिळाली नाही, तेव्हा सप्टेंबर १९४७ मध्ये 'म्हैसूर चलो' आंदोलन पेटले. दिवाण रामस्वामी मुदलियार यांना माघार घ्यावी लागली व ऑक्टोबरात के. चेंगलराय रेड्डी यांचे मंत्रिमंडळ आले. दसऱ्याची ती सभा १९४९ मध्ये विसर्जित झाली. महाराजांना पुढे २६ लाखांचा तनखा मिळू लागला, आणि तोही १९७१ मध्ये संसदेने बंद केला.